पुराव्याची प्रतवारी



कारंज्याच्या किंवा वाशीमच्या बाजारांत कापसाच्या गाड्या लागलेल्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस प्रतवारी हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. पारखी माणूस गाडीच्या वरच्या थरांतला कापूस घेत नाहीं. हात कोपरापर्यंत आंत घालून तो तळाचा कापूस बाहेर काढतो, चिमटींत धरून धागा ओढून पाहतो, ओल किती, कवडी किती, कचरा किती हें बोटांनीं व डोळ्यांनीं ताडतो, आणि मगच भाव बोलतो. धनी आपल्या मालाचें कितीही वर्णन करो, त्या वर्णनावर भाव ठरत नसतो. आज मला ज्या प्रतवारीविषयीं बोलावयाचें आहे, ती कापसाची नव्हे. 'हें औषध घ्या', 'ही लस टोचून घ्या', 'ही शस्त्रक्रिया करून घ्या' असें डॉक्टर आपणांस सांगतात, तेव्हां त्या सांगण्याच्या तळाशीं कांहीं पुरावा असतो, निदान असावा अशी आपली अपेक्षा असते. त्या पुराव्याचा धागा ओढून पाहण्याची रीत कशी निर्माण झाली, आणि तिच्या इतिहासांत आपल्या मुलखाचा भाग केवढा मोठा आहे, हें आज सांगण्याचा विचार आहे.

मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी आपणां सर्वांस माहीत आहे. तेथें संत सेवालाल महाराजांची समाधि आहे, जगदंबेचें स्थान आहे, आणि रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र व कर्नाटक या प्रांतांतून बंजारा समाजाचे तांडेच्या तांडे लोटतात. अशा कोणत्याही यात्रेंत झाडाखालीं विसाव्यास बसलेल्या मंडळींचें बोलणें कान देऊन ऐकावें. पिकापाण्याच्या आणि सोयरिकींच्या गोष्टी संपल्या कीं दुखण्यांच्या गोष्टी निघतात. 'अमक्याच्या मुळीनें माझी कावीळ उतरली', 'तमक्या डॉक्टरच्या सुईनें गुण आला', 'त्याच्या हाताला यश आहे'. गुण येणें हा आपल्या भाषेंतला फार गोड शब्दप्रयोग आहे, आणि तितकाच फसवाही आहे. गुण आला हें खरें. परंतु तो मुळीमुळें आला, कीं आपोआप उतरणारी कावीळ आपल्या वेळेस उतरली आणि श्रेय मुळीस मिळालें? ज्यांस गुण आला नाहीं ते यात्रेस आलेच नसतील, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. झाडाखालीं बसून साक्ष देणारे सारे वांचलेले असतात.

हा संशय कांहीं पश्चिमेकडून आलेला नाहीं. आपल्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं प्रमाणें मोजून ठेविलीं, आणि चरकानें वैद्यासाठीं आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ति अशी चतुर्विध परीक्षा सांगितली. प्रमाणें सारखींच नसतात, हा विचार त्यांत आहे. त्यांत नव्हती ती एकच गोष्ट: मोजदाद. ज्यांनीं औषध घेतलें त्यांच्या शेजारीं, इतर सर्व बाबतींत त्यांच्यासारखेच पण औषध न घेतलेले लोक उभे करून दोहोंचे मृत्यु मोजावे, ही युक्ति फार उशिरां सुचली. हिंदुस्थानांत ती ज्या ठिकाणीं मोठ्या प्रमाणावर पणाला लागली, तें ठिकाण म्हणजे प्लेगनें गांजलेली मुंबई.

सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकॅशियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनीं गांठीचा प्लेग ओळखला. पुढच्या महिन्यांत वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ओडेसा येथें जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम केलेला हा ज्यू शास्त्रज्ञ १८९३ पासून हिंदुस्थानांत कॉलऱ्याची लस टोचीत हिंडत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्याला एक खोली मिळाली, आणि एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यानें प्लेगच्या जंतूंची लस तयार केली. मांसरसांत जंतु वाढवावयाचे, ते वर लोंबत वाढावे म्हणून तुपाचे थेंब तरंगत सोडावयाचे, मग उष्णतेनें ते मारावयाचे. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला.

तुरुंगांतील कैद्यांस लस घेतां काय असें विचारण्यांत आलें, आणि सुमारें अर्धे कैदी पुढें आले. पुढें जो हिशेब झाला त्यांत न टोचलेल्यांपैकीं १२ आजारी पडले व ६ मेले; टोचलेल्यांपैकीं २ आजारी पडले व एकही मेला नाहीं. एकच छप्पर, एकच अन्न, एकच पहारा. असा योग बाहेरच्या जगांत कोठून येणार? तरीही तळाचा कापूस ओढून पाहूं. हे कैदी स्वतः होऊन पुढें आले होते. पुढें येणारा माणूस आणि मागें राहणारा माणूस सारखाच असतो असें कोण म्हणेल? धडधाकट माणूस धीट असतो, अंगांत कसर असलेला माणूस कचरतो. शिवाय ज्यांस टोचल्याच दिवशीं रोग दिसून आला, त्यांस हिशेबाबाहेर ठेवण्यांत आलें. लस अंगीं लागण्यापूर्वींच ते आजारी होते, हें कारण पटण्यासारखें आहे; परंतु हिशेबांतून माणसें वगळण्याचा हक्क एकदां घेतला कीं तो कोठें थांबवावयाचा, हा प्रश्न उरतोच. आणि आंकडे तर अगदीं लहान. चार माणसें इकडचीं तिकडे झालीं असतीं तर चित्र पालटलें असतें.

हाफकिनला हें कळत नव्हतें असें नाहीं. पुढच्या वर्षाच्या आरंभीं उमरखाडीच्या तुरुंगांत त्यानें कैद्यांस रांगेनें बसविलें आणि एकाआड एक टोचलें. धीट कोण, भित्रा कोण, हा प्रश्नच त्यानें काढून टाकला. तेथेंही न टोचलेल्यांत मृत्यु झाले व टोचलेल्यांत झाले नाहींत. मला स्वतःला या साध्या 'एकाआड एक'चें महत्त्व पहिल्या तुरुंगांतील आंकड्यांपेक्षां अधिक वाटतें.

पण त्याच्या साऱ्या प्रयोगांत सर्वांत सुंदर प्रयोग झाला तो सयाजीराव गायकवाडांच्या राज्यांत, बडोद्याजवळील उंढेरा या लहान गांवीं, फेब्रुवारी १८९८ मध्यें. गांवांत प्लेग चालू होता. हाफकिननें गांवकऱ्यांस कुटुंबवार बोलाविलें आणि प्रत्येक कुटुंबांतील अजमासें निम्म्या माणसांस टोचलें. बाप टोचला तर चुलता तसाच ठेविला, एक भाऊ टोचला तर दुसरा सोडला. सुमारें सहा आठवड्यांनीं घरोघर जाऊन मोजणी झाली. प्लेग २८ घरांत शिरला होता, आणि हिशेब त्या घरांपुरताच मांडला गेला, कारण ज्या घरांत रोग आलाच नाहीं तेथें लस लागू पडली कीं नाहीं हें कळण्यास मार्ग नाहीं. या २८ घरांत न टोचलेलीं माणसें ६४ होतीं. त्यांतील २७ आजारी पडलीं आणि २६ मेलीं. टोचलेलीं माणसें ७१ होतीं. त्यांतील ८ आजारी पडलीं आणि ३ मेलीं. एकाच चुलीवर जेवणाऱ्या, एकाच ओसरीवर निजणाऱ्या माणसांत हा भेद पडला. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ८९ हून अधिक घटलें, असा त्याचा अर्थ होतो.

हे आंकडे वाचतांना त्या २६ माणसांचा विचार मनांतून जात नाहीं. घरच्या निम्म्यांस टोचून निम्मे सोडले, ते कोणाच्या इच्छेनें? हाफकिनजवळ त्या वेळीं लस गुणकारी असल्याचा भरंवसा होता, पण सिद्धता नव्हती; भरंवसा सिद्धतेंत बदलण्यासाठीं कोणास तरी सोडावें लागणार होतें. या प्रश्नाकडे मी पुढें पुन्हां येणार आहें. कारण शंभर वर्षांनंतर महाराष्ट्राच्या एका जिल्ह्यांत तो अगदीं त्याच रूपांत उभा राहिला.

प्रतवारी करणाऱ्याच्या दृष्टीनें उंढेऱ्यांतही उणीवा आहेत. कोणास टोचावें हें पाहणाऱ्याच्या नजरेनें ठरविलें होतें, चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. कोणास टोचलें हें साऱ्यांस ठाऊक होतें, त्यामुळें रोगाचें निदान करणाऱ्याचें मनही कोरें नव्हतें. परंतु ४० टक्के आणि ४ टक्के यांतील अंतर इतकें मोठें आहे कीं, या उणीवांनीं तें सारें भरून निघेल असें म्हणणें कठीण. फरक फारच मोठा असेल तर रचना थोडी सैल असली तरी पुराव्याची प्रत वर चढवावी, असें आजचे प्रतवारीकार म्हणतात. उंढेरा हें त्याचें नमुनेदार उदाहरण होय.

त्या काळच्या लोकमताची मात्र निराळीच तऱ्हा होती. प्लेगच्या नांवाखालीं घरांत शिरणारे शिपाई, विलगीकरणाच्या छावण्या, १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा आणि त्याच्या आधारें जत्रा-यात्रांवर आलेले निर्बंध यांनीं माणसें धास्तावलीं होतीं. लसीविषयीं नाना वावड्या उठत. अशा वेळीं आगाखानांनीं आपला खुश्रू लॉज हाफकिनच्या कामासाठीं मोकळा केला आणि लोकांसमोर स्वतः टोचून घेतलें; त्यांच्या खोजा अनुयायांनीं हजारोंच्या संख्येनें त्यांचें अनुकरण केलें. खोजांतील टोचलेले व न टोचलेले यांच्या मृत्यूंची तुलनाही मग पुरावा म्हणून पुढें आली. पण ती उंढेऱ्याच्या जोडीस बसत नाहीं. टोचून घेणारे कोण? धर्मगुरूंचा शब्द मानणारे, बहुधा बरी घरें व बरी मिळकत असलेले. प्लेग तर उंदरांचा मागोवा घेत अंधाऱ्या चाळींत शिरणारा. मग वांचविलें तें लसीनें, कीं चांगल्या घरानें? आपल्या वऱ्हाडांतही हीच शंका अनेक बाबतींत उद्भवते; ज्याच्या घरीं पक्की विहीर त्याच्या घरीं डॉक्टरही आधीं येतो.

सरकारनें १८९८ सालीं एडिंबरोचे प्रोफेसर फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिशन नेमलें. त्यांत ॲल्मराथ राईट हे नामांकित शास्त्रज्ञ होते. या कमिशननें हाफकिनच्या आंकड्यांची उलटतपासणी वकिलाच्या कडकपणानें केली: मोजणी कोणी केली, लोकसंख्या नेमकी किती धरली, मध्यंतरीं गांव सोडून गेलेले कोणत्या खात्यांत टाकले. निष्कर्ष मात्र मोजका व समतोल निघाला. लसीनें रोग होण्याचें प्रमाण स्पष्टपणें कमी होतें, मृत्यूचें त्याहून कमी होतें. परंतु संरक्षण पूर्ण नाहीं, आणि तें किती काळ टिकतें हें निश्चित नाहीं. पुरावा किती बळकट हें एका ओळींत आणि त्यावरून काय करावें हें दुसऱ्या ओळींत, असें वेगवेगळें लिहिण्याची संवय वैद्यकास लागण्यापूर्वींचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

यांत थोडी गंमतही झाली. ज्या राईट साहेबांनीं हाफकिनचे आंकडे तपासले, त्यांची स्वतःची विषमज्वरावरची लस १९०४ सालीं कार्ल पिअर्सन या गणितज्ञाच्या हातीं सांपडली. पिअर्सननें त्यांचे आंकडे गणिताच्या चाळणींतून काढले आणि म्हटलें कीं हे परस्परांशीं जुळत नाहींत. स्वयंसेवकांची यादी करा आणि त्यांतील एकाआड एक माणसास टोचा. म्हणजे उमरखाडीच्या अंगणांत जें झालें होतें, तेंच. पुढें १९१५ मध्यें ग्रीनवुड आणि यूल या दोघांनीं विषमज्वर व कॉलरा यांच्या लसींच्या आंकड्यांवर प्रबंध लिहिला आणि अटी घालून दिल्या: दोन्ही गटांतील माणसें सर्व महत्त्वाच्या बाबतींत सारखीं हवींत, रोगाशीं त्यांचा संबंध सारखाच यावयास हवा, आणि रोगाचें निदान लस टोचली कीं नाहीं यावर अवलंबून नसावें.

हाफकिनच्या वांट्याला मात्र यश सुखासुखीं आलें नाहीं. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहिली. आज जिला हाफकिन संस्था म्हणतात ती हीच. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोचलेल्या १०७ लोकांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. हे सर्व एकाच बाटलींतून टोचलेले होते. चौकशी झाली, हाफकिनला कामावरून दूर केलें गेलें. बाटली उघडतांना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही गोष्ट पुढें आली. रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांतून त्याची बाजू मांडली आणि १९०७ मध्यें तो दोषमुक्त झाला. वीस लोकांपेक्षां कमी माणसें मेलीं आणि लाखोंनीं लस घेतली होती, असें कोणी म्हणेल. मुलकोवालच्या घरांस तो हिशेब कोण सांगणार? औषधाचा गुण मोजतांना त्याचा अवगुणही त्याच वहींत मांडला पाहिजे, ही गोष्ट त्या गांवानें फार महाग विकत दिली.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतों. इंग्लंडांत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेनें झालेली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनची परीक्षा १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत रुग्णांची वांटणी नजरेनें नव्हे, एकाआड एकही नव्हे, तर यदृच्छेनें, सीलबंद पाकिटांतील चिठ्ठीप्रमाणें केली गेली. एकाआड एकमध्यें पुढचा कोणत्या गटांत जाणार हें डॉक्टरला आधींच कळतें, आणि कळलें कीं हात वळतो. चिठ्ठीनें ती वाट बंद केली. १९७९ मध्यें कॅनडांतील एका समितीनें पुराव्याच्या पायऱ्या प्रथम स्पष्टपणें लिहून काढल्या: सर्वांत वर यदृच्छेनें गट पाडलेला प्रयोग, सर्वांत खालीं तज्ज्ञांचें मत. तज्ज्ञांचें मत सर्वांत खालीं, हें वाचून अनेक तज्ज्ञांस राग आला. तो अजूनही पुरता गेलेला नाहीं.

पण पायऱ्यांचें हें चित्र फार ताठर होतें. प्रयोग यदृच्छेचा असला म्हणजे चांगलाच, आणि नसला म्हणजे वाईटच, असें कोठें असतें? २००० सालापासून कॅनडाचे गॉर्डन गायट व त्यांचे सहकारी यांनीं जी रीत घडविली, तिला 'ग्रेड' असेंच नांव आहे. तिच्यांत पुराव्याच्या चार प्रती आहेत: उच्च, मध्यम, कनिष्ठ आणि अतिकनिष्ठ. यदृच्छेचा प्रयोग उच्चापासून सुरू होतो, नुसतें निरीक्षण कनिष्ठापासून. मग पारखी कापसांत हात घालतो. मांडणींत पक्षपात आहे काय, निरनिराळ्या प्रयोगांचीं फळें परस्परविरुद्ध आहेत काय, ज्यांच्यावर प्रयोग झाला ते आपल्या रुग्णांहून वेगळे आहेत काय, आंकडे तोकडे आहेत काय, आणि नावडतीं फळें कोणी दडवून ठेविलीं आहेत काय, हें पाहून प्रत उतरविली जाते. उलट गुण फार मोठा असेल, मात्रेबरोबर तो वाढत असेल, तर प्रत चढवितात. आणि शिफारस बलवान कीं दुर्बल, हा निर्णय त्यानंतर, निराळा. त्यांत अपाय, खर्च आणि रुग्णाची स्वतःची इच्छा हींही येतात.

गडचिरोलीचें उदाहरण येथें आठवतें. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतील स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची घरींच शुश्रूषा करविली. ३९ गांवांत हें केलें, ४७ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं, आणि १९९९ सालीं लॅन्सेट पत्रांत प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणें नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले. गांवांची वांटणी चिठ्ठीनें झालेली नव्हती, म्हणून कांहींनीं नाकें मुरडलीं. पण पुढें उत्तर प्रदेशांतील शिवगड आणि बांगला देशांतील सिल्हट येथें चिठ्ठीनें वांटणी करून प्रयोग झाले आणि तेथेंही मृत्यु घटले, जरी सिल्हटमध्यें घट बरीच कमी, एक तृतीयांशाच्या आसपास, होती. २००९ मध्यें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं घरभेटींची शिफारस केली ती या साऱ्या पुराव्यावर.

आतां मीं मघां ज्या जिल्ह्याचा उल्लेख केला, तेथें येऊं. तो जिल्हा म्हणजे उस्मानाबाद, आजचा धाराशिव. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्या खेड्यांतील स्त्रियांचा मोठा वैरी. तो वाढत जातो हळूहळू, वर्षानुवर्षें, आणि कळतो तो बहुधा उशिरां. लवकर शोधण्याच्या तीन रीती होत्या. एक, पेशी कांचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें. दुसरी, सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनीं पाहणें. तिसरी, रोगास कारण होणाऱ्या एच.पी.व्ही. विषाणूचा अंश शोधणें. कोणती रीत माणूस वांचविते? बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून १९९९ पासून हा प्रयोग केला. डॉ. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. नेने हे त्याचे प्रमुख. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया, ५२ विभाग, आणि विभागांची यदृच्छेनें चार गटांत वांटणी: तीन रीतींचे तीन गट, आणि चौथा गट नेहमीप्रमाणें, म्हणजे तपासणीवांचून.

आठ वर्षांनीं मोजणी झाली व २००९ सालीं ती प्रसिद्ध झाली. विषाणूच्या चाचणीच्या गटांत ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांतील ३४ या रोगानें मेल्या. तपासणी न झालेल्या गटांत ३१,४८८ होत्या. त्यांतील ६४ मेल्या. हजारीं एक आणि हजारीं दोन. आयुष्यांत केवळ एकदां केलेल्या चाचणीनें मृत्यु निम्मे झाले. आणि ज्या स्त्रिया बोलावूनही आल्या नाहींत, त्याही या हिशेबांतून वगळलेल्या नाहींत. भायखळ्याच्या तुरुंगांतील हिशेबाशीं हें ताडून पाहावें. उरलेल्या दोन रीतींनीं मात्र या प्रयोगांत मृत्यूंत निश्चित म्हणतां येईल अशी घट दिसली नाहीं.

येथें खरी कसोटी लागते. कारण डोळ्यांनीं पाहण्याच्या याच रीतीनें तमिळनाडूंतील दिंडिगुल जिल्ह्यांत मृत्यु ३५ टक्क्यांनीं घटल्याचें २००७ मध्यें प्रसिद्ध झालें होतें, आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या प्रयोगांत, दर दोन वर्षांनीं तपासणी करून, ३१ टक्क्यांनीं. तिन्ही प्रयोग यदृच्छेचे, तिन्ही मोठे. मग खरें कोणतें? पाहणारा डोळा कोणाचा, त्यास किती शिकविलेलें, तपासणी एकदां कीं चारदां, यांवर फळ हललें असणार. विषाणूची चाचणी त्या मानानें डोळ्यावर कमी अवलंबून असते. फळांत असा विसंवाद दिसला म्हणजे प्रत उतरते. रीत टाकून द्यावी असा त्याचा अर्थ नव्हे, भाव जपून बोलावा एवढाच. आपल्या केंद्र सरकारनें २०१६ सालीं ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांसाठीं डोळ्यांनीं पाहण्याचीच रीत सांगितली, ती खेड्यांत साधन काय उपलब्ध आहे हें पाहून. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें विषाणूची चाचणी पुढें केली. शिफारस बलवान, पुरावा मध्यम, असें तिनें उघड लिहिलें. मध्यम पुराव्यावर बलवान शिफारस कशी, असें विचारणारे विचारतातच. पण अपाय थोडा आणि लाभ जीवाचा असेल तर घरांतला कर्ता माणूसही असाच निर्णय घेतो.

आणि ते चौसष्ट मृत्यु? टीकाकारांनीं कठोर शब्दांत विचारलें आहे कीं, तपासणी कोठें तरी उपयोगी पडते हें ठाऊक असतांना एवढ्या स्त्रियांस तपासणीवांचून ठेवणें न्याय्य होतें काय. प्रयोगकर्त्यांचें उत्तर असें कीं, त्या जिल्ह्यांत सरकारी तपासणी मुळीं नव्हतीच, आणि कोणती रीत आपल्या खेड्यांत चालेल हें दुसऱ्या देशाच्या अनुभवावरून सांगतां येत नव्हतें. दोन्ही बाजू मीं वाचल्या आहेत. प्रयोगकर्त्यांचें उत्तर मला खरें वाटतें, आणि तरीही तें पुरेसें वाटत नाहीं. उंढेऱ्याच्या २६ माणसांविषयीं जें वाटतें, तेंच येथें.

पण प्रतवारी न करण्याचीही किंमत असते, आणि ती धाराशिवच्या शेजारच्याच जिल्ह्यांत मोजली गेली. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची २०१९ सालीं राज्य सरकारच्या समितीनें पाहणी करविली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. त्यांतील कित्येक तरुण होत्या. अंगावरून जातें, ओटीपोट दुखतें, एवढ्यावर 'पिशवी काढा, नाहींतर कॅन्सर होईल' असें सांगितलें जाई, आणि हंगामांत पाळीमुळें खाडा पडूं नये ही गरज त्यास जोडून येई. या सल्ल्याच्या तळाशीं हात घालून पाहावें तर चिमटींत कांहींच येत नाहीं. तो कनिष्ठ प्रतीचा पुरावा नव्हे; पुरावाच नव्हे. आणि ज्या भयावर हा सल्ला विकला गेला, त्या भयावरची साधी चाचणी शेजारच्या जिल्ह्यांत दहा वर्षांपूर्वीं कसोटीस उतरली होती.

ऊसतोडणीस जाणाऱ्यांत बंजारा तांड्यांचा वांटा मोठा आहे, म्हणून मी पुन्हां पोहरादेवीस येतों. धाराशिवच्या प्रयोगांतील स्त्रिया गांवांत राहणाऱ्या होत्या. चाचणीचें उत्तर आलें कीं त्यांस बोलावून पुढील उपचार करतां येत. तांड्यावरची बाई दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर जाते ती उन्हाळ्याच्या तोंडाशीं परतते. विषाणूच्या चाचणीचा नमुना प्रयोगशाळेंत जाऊन उत्तर येईपर्यंत ती दुसऱ्या जिल्ह्यांत कोपीवर असली, तर हजारीं एक आणि हजारीं दोन हा फरक तिच्या बाबतींत तसाच राहील काय? डोळ्यांनीं पाहण्याच्या रीतीचें फळ तेथल्या तेथें कळतें, पण तिची प्रत आपण पाहिलीच. २०२१ च्या शिफारशींत स्त्रीनें स्वतःच नमुना घेण्याची सोय मान्य केलेली आहे, त्यामुळें एक अडचण कमी होते. उत्तर पोंचविण्याची आणि उपचाराची अडचण तशीच राहते. रामनवमीच्या सुमारास बरेच तांडे घरीं आलेले असतात, आणि त्यांतील पुष्कळ बायका पोहरादेवीस येतात. नमुना कोणत्या महिन्यांत घ्यावयाचा आणि उत्तर कोणत्या गांवीं धाडावयाचें, हें त्यांना विचारूनच ठरवावें लागेल.